नांदखडकात गोष्ट शेंदतात

जरा सबुरीनं या. विहीर काही कुठं पळून जात नाही. आणि कठड्यावर रेलू नका, दगड जुने आहेत आणि तुमचे मोबाइल महागाचे. मागच्या साली एका पाहुण्याचा पडला, तो वर काढता काढता आमच्या पोरांचा अर्धा दिवस गेला आणि निघाला तो नुसता डबा. आधी हा बसायचा दगड बघा. चुन्यात पक्का बसवलेला आहे, हलत नाही. यावर बसणाऱ्याचं तोंड येतं विहिरीकडं आणि पाठ येते रस्त्याकडं. आता तुम्हीच सांगा, गावच्या पाणवठ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याकडं पाठ करून कोण बसतं? पण आमच्याकडं बसतात. रोज दुपारी कुणी ना कुणी इथं बसतं आणि गोष्ट शेंदतं.

हसलात ना? सगळेच हसतात. पण नांदखडकात गोष्ट सांगत नाहीत, शेंदतात. सांगायचा तो निरोप, सांगायचा तो बाजारभाव, सांगायच्या त्या भाऊबंदकीच्या भानगडी. गोष्ट मात्र शेंदायची, विहिरीतून पोहऱ्यानं पाणी शेंदतात तशी. कुणी आजारानं अंथरूण धरलं, कुणाच्या घरचं माणूस गेलं आणि त्यानं अन्न सोडलं, की इथली माणसं म्हणतात, "चला, त्याला दोन गोष्टी शेंदून येऊ." एक मास्तर बदलून आले होते, त्यांनी हा शब्द पोरांच्या वहीत लाल शाईनं खोडला. पोरं शाळेत 'सांगितली' लिहायची आणि घरी येऊन शेंदायची. चार वर्षांनी मास्तरांची मंडळी बाळंतपणात अडली, तेव्हा गावातल्या बाया त्यांच्या उंबऱ्यात बसून दिवसभर शेंदत होत्या. त्यानंतर लाल शाई बंद झाली. तर हा शब्द आला कुठून, ते ऐका. बसा, त्या चिंचेखाली सावली आहे.

फार जुनी गोष्ट. तेव्हा गावात विहीर नव्हती. ओढ्यात झिरे खणायचे आणि वाटीवाटीनं घागर भरायची. मग गावानं वडारांची टोळी बोलावली. त्यांचा म्होरक्या हणमाप्पा, आणि त्याच्या हाताखाली तिम्मा नावाचा जवान गडी. तिम्मा अंगानं काटक, पहार मारायला लागला की दगडालाच घाम फुटावा म्हणे. त्याची बायको दुर्गव्वा पाट्या वाहायची. गावाच्या कडेला त्यांची पालं पडली आणि खडकात काम सुरू झालं.

गावात कोंडिबाच्या घरी भिवरा नांदत होती. अंगानं किरकोळ, पण बाई म्हणजे गोष्टींचं पोतं. दिवेलागणीनंतर ती जात्यावर बसली की शेजारणी आपापलं दळण घेऊन तिच्याच घरी यायच्या. दळण संपायचं, गोष्ट संपायची नाही. नवऱ्याची हाक आली तरी बाया "आले, आले" म्हणत बसून राहायच्या. हे सगळं चालायचं ते अंधार पडल्यावरच. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे तुमच्याकडंही म्हणत असतील. तुमच्याकडं ती म्हणायची गोष्ट असेल, इथं ती पाळायची गोष्ट होती. उन्हात एखाद्या पोरानं 'एक होता राजा' एवढं म्हटलं तरी घरची म्हातारी त्याच्या तोंडावर हात ठेवायची. कुणाचा ना कुणाचा मामा वाटेत असतोच की हो.

भिवराला माहेर म्हणून एक भाऊच उरला होता, शिदू. आईबाप पटकीत गेले तेव्हा तो रांगत होता. तिनं त्याला कडेवर घेऊन वाढवला, स्वतःच्या ताटातलं भरवलं. लग्न होऊन इकडं आली तेव्हा नवऱ्यापेक्षा भावासाठी जास्त रडली, असं सांगतात. आता तिला मुलगी झाली होती, सारजा. सारजाचं जावळ काढायचं होतं, आणि जावळ काढायचं ते मामाच्या मांडीवर. शिदूनं निरोप धाडला होता, आज दिवस मावळायच्या आत पोचतो. तो डोंगरापलीकडून येणार होता. ती समोर खिंड दिसते ना, तिथून.

त्या दिवशी सकाळपासून भिवरा खिंडीकडं बघत होती. पुरणाची डाळ भिजत घातली होती.

न्याहारीच्या वेळी वडार मंडळी वर आली, तिम्मा मात्र म्हणाला, एवढा एक दगड सुटा करतो आणि येतो. तो खाली आणि विहिरीची मावळतीची कड सुटली. आवाज असा झाला म्हणे की ओढ्यावरची गुरं दावी तोडून पळाली. धुरळा बसल्यावर माणसं वाकून बघतात तर खाली नुसता दगडांचा ढीग. दुर्गव्वानं ऊर बडवायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात ढिगाखालून आवाज आला. तिम्मा जिता होता. एका कपारीत अंग चोरून बसला होता, पाय दगडाखाली धरला गेलेला, डोक्याला खोक पडलेली.

गाव धावलं. पण हणमाप्पानं दोन्ही हात पसरून सगळ्यांना थांबवलं. "कुणी उतरायचं न्हाई. एक दगुड चुकून हालला तर सारा ढीग त्याच्यावर बसंल. म्या सांगंन तो दगुड, म्या सांगंन तवा." एकेक दगड दोराला बांधून वर घ्यायचा होता. दिवस मावळेतो हेच काम होतं. आणि तोवर तिम्मानं जागं राहायला हवं होतं. हणमाप्पाचा स्वतःचा भाऊ असाच एका विहिरीत दबला होता, डोक्याला मार लागून झोपला आणि झोपेतच गेला. "ह्याला झोप लागली की संपलं," हणमाप्पा म्हणाला.

दुर्गव्वा काठावर आडवी होऊन नवऱ्याला हाका मारू लागली. तो ओ द्यायचा. पुन्हा हाक, पुन्हा ओ. पण हाकेला माणूस किती वेळ ओ देणार? हळूहळू त्याची ओ उशिरा येऊ लागली, मग नुसतं कण्हणं येऊ लागलं. मग तो चिडून म्हणाला, "निजू दे गं मला जरा."

दुर्गव्वा उठली ती थेट भिवरासमोर आली आणि तिचे पाय धरले. "बाई, तुमी रातच्याला गोष्ट सांगता तवा ह्यो भिंतीभाईर बसून ऐकतोय. गोष्ट सरल्याबिगर पालावर येत न्हाई. त्याला गोष्ट सांगा. गोष्टीसाटनं जागा ऱ्हाईल."

सगळं गाव आभाळाकडं बघू लागलं. ऊन चांगलं डोक्यावर चढत होतं. भिवराची सासू सारजाला कडेवर घेऊन उभी होती, ती पुढं झाली. बाई तोंडानं फटकळ होती, पण त्या वेळी तिचा आवाज खाली आला. ती म्हणाली, "भिवरे, दिवस हाय. पोरीचा मामा वाटंत हाय."

भिवरानं खिंडीकडं बघितलं, मग विहिरीत बघितलं. एकीकडं तिनं घास भरवून वाढवलेला भाऊ, दुसरीकडं ज्याच्याशी आजवर धड चार शब्द बोलली नव्हती तो परका माणूस. आपल्यापैकी कुणावर अशी वेळ येऊ नये. बाजूला कोंडिबा उभा होता, तो म्हणाला, "तू न्हाई म्हणालीस तरी तुला कुणी बोल लावणार न्हाई." ते खरंच होतं, कुणी बोल लावला नसता. तेवढ्यात खालून तिम्माचं कण्हणंही थांबलं.

भिवरानं खिंडीकडं हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "शिदू, जपून ये रं बाळा." मग काठालगतच्या दगडावर रस्त्याकडं पाठ करून बसली. वाट दिसत राहिली असती तर तिच्या तोंडून शब्द फुटला नसता. विहिरीत तोंड घालून तिनं हाळी दिली, "तिम्मा! एक व्हती म्हातारी. आरं, हूं म्हण की! हूं म्हणाय कुणी न्हाई तर म्या पुढं कशी जाऊ?"

बराच वेळ काही आलं नाही. मग खालून अगदी बारीक आवाज आला, "हूं."

म्हातारीची शेळी हरवली होती, अशी ती गोष्ट. म्हातारी काठी टेकत शेळी शोधायला निघाली. पहिल्या गावात तिला कुंभार भेटला, त्यानं सांगितलं, शेळी माझी मडकी फोडून पळाली. दुसऱ्या गावात न्हाव्यानं सांगितलं, माझ्याकडनं फुकटात दाढी करून गेली. तिम्मा खाली हसला म्हणे. ढिगाखालून हसण्याचा आवाज आला आणि वर दुर्गव्वा ढसाढसा रडली. इकडं दगड एकेक करून वर येत होते. भिवरा त्या म्हातारीला या गावातून त्या गावात नेत होती. गोष्ट संपवून चालणार नव्हतं. शेळी सापडली की हूं थांबणार. म्हणून दर वेळी शेळी हाताशी यायची आणि निसटायची.

आणि एक सांगतात, ते नीट ऐका. त्या गोष्टीत जिथं जिथं दोन वाटा फुटायच्या, तिथं तिथं भिवरा म्हातारीला थांबवायची. तिथं कुणीतरी भला माणूस उभा असायचा आणि म्हातारीला बरोबर वाट दाखवायचा. एकदाही तिनं म्हातारीला चुकीच्या वाटेला लावलं नाही. तोंडानं ती म्हातारीची वाट सांगत होती, पण मनात कुणाची वाट होती, हे काठावरच्या प्रत्येकाला कळत होतं.

दुपारी तिचा घसा बसला. बाया तिच्या तोंडात पळीपळीनं पाणी घालत होत्या. सारजा भुकेनं रडायला लागली तेव्हा सासूनं पोर तिच्या पदराखाली दिली, आणि तिला पाजता पाजता भिवरा सांगत राहिली. मध्येच खालचा हुंकार विझायला लागायचा. मग ती ऐन रंगात आलेली गोष्ट मुद्दाम थांबवायची. आणि खालून चिडका आवाज यायचा, "मंग? पुढं काय झालं?" शाबास रे पठ्ठ्या, म्हणून माणसं पुन्हा दोराला भिडायची.

सूर्य खिंडीवर टेकला तेव्हा शेवटचा दगड हलला. हणमाप्पा स्वतः उतरला. तिम्माला झोळीत बांधला आणि सगळ्या गावानं दोर ओढला. मातीनं आणि रक्तानं भरलेला तिम्मा वर आला. डोळे किलकिले करून त्यानं भिवराकडं बघितलं आणि विचारलं, "शेळी घावली का?"

दिवसभर जिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं ती भिवरा तेव्हा हंबरडा फोडून रडली. मग डोळे पुसून उठली आणि पहिल्यांदा रस्त्याकडं वळली. रस्ता मोकळा होता.

शिदू आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कोंडिबा माणसं घेऊन डोंगर पालथा घालून आला. खिंडीत एक धनगर भेटला. तो म्हणाला, मुंडासं बांधलेला एक पोरगा दुपारच्या वेळी आला होता, खांद्यावर भाचीसाठी घेतलेलं झबलं होतं. नांदखडक कुठं, असं त्यानं विचारलं. अरे ते काय समोर दिसतंय, म्हणून मी बोट दाखवलं. हसून निघालासुद्धा. खिंडीतून इथवर सरळ उतार आहे, आंधळासुद्धा येईल. पण त्या उतारावर पुढं काय झालं, ते आजतागायत कुणाला माहीत नाही. कुणी म्हणतं जनावरानं ओढला, कुणी म्हणतं दरीत गेला. नुसतं झबलंसुद्धा मिळालं नाही.

तिच्या सासूचं मात्र नाव घ्यायला हवं. फटकळ बाई, पण 'मी म्हणत नव्हते?' एवढं एक वाक्य ती जन्मात बोलली नाही. उलट दुसऱ्या कुणी तोंड उघडलं तर त्याचा ती पाणउतारा करायची.

भिवरानं गोष्ट टाकली. रात्रीचं जातं नुसतं घरघरत राहिलं. सारजाचं जावळही काढलं नाही. "मामा आल्यावर काढू," एवढंच ती म्हणायची. पोरीच्या जावळाच्या वेण्या झाल्या तरी तेच.

तिम्माचा पाय कायमचा अधू झाला. वडार एकदा माणूस दबलेल्या विहिरीत पुन्हा पहार लावत नाहीत म्हणे, पण तिम्मानं लावली. लंगडत उतरला आणि पाणी लागेपर्यंत खणली. भिवरा ज्या दगडावर बसली होती तो त्यानं तसाच, त्याच तोंडानं, चुन्यात बसवला. मग टोळी पुढं निघाली. जाताना तो भिवराच्या अंगणात आला आणि खाली मान घालून म्हणाला, "आक्का, माज्यापायी गेला त्यो."

"तुज्यापायी न्हाई," भिवरा म्हणाली. "म्या माज्या तोंडानं घालवला. पर तिम्मा, तूच सांग, मी दुसरं काय करणार व्हते?"

तिम्मानं एक नेम धरला. टोळी मुलूखभर फिरायची, घाटावर, कोकणात, पार कर्नाटकात. जिथं जाईल तिथं तो विचारायचा, शिदू नावाचा वाट चुकलेला कुणी बघितला का? आणि दर दिवाळीला, कुठंही असला तरी, भाऊबीजेला नांदखडकात यायचा. खण आणि नारळ अंगणात ठेवायचा, "औंदा बी पत्ता न्हाई, आक्का," म्हणायचा आणि भाकरी खाऊन जायचा. सारजा परकरी झाली, मग साडी नेसू लागली. तिम्माच्या डोक्यावरचे केस पिकले. अंगणातून वर ओट्यावर तो कधी चढला नाही, आणि त्या काळात त्याला कुणी चढ म्हटलंही नाही. हे सांगायला जीभ अडखळते, पण होतं ते असं होतं.

मग सारजाचं लग्न निघालं. मांडव याच विहिरीच्या पाण्यानं शिंपला होता. नवरा मुलगा पाटावर उभा राहिला, अंतरपाट धरला गेला, आणि भटजींनी लग्नघरात नेहमी पडते ती हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

कोंडिबानं आधीच व्यवस्था लावून ठेवली होती. भिवराचा एक लांबचा भाऊ नवा फेटा बांधून तयार उभा होता. तो पुढं झाला, तेवढ्यात भिवरानं हात आडवा केला. ती मांडवाच्या दारापलीकडं गेली. तिथं पंगतीची वाट बघत तिम्मा आणि दुर्गव्वा बसले होते. तिनं तिम्माचा हात धरला आणि त्याला उठवलं. तो बिचारा मागं सरकू लागला. "नगं आक्का. लोक काय म्हणतील? पोरीचं लगीन मोडंल." पण तिनं हात सोडला नाही, तसाच धरून त्याला भरल्या मांडवात आणला.

वऱ्हाडात कुजबुज झाली. हा लंगडा वडार कोण? नवऱ्या मुलाचा बाप उठून उभा राहिला. दागिन्यांनी मढलेली सारजा आतल्या दारात उभी होती. त्या एका घटकेवर पोरीचा सगळा संसार टांगला होता, आणि भिवराला ते कळत नव्हतं असं नाही.

ती म्हणाली, "म्या दिसाढवळ्या गोष्ट सांगितली तवा माजा पाठचा भाऊ वाट चुकला. तो मला परत मिळाला न्हाई. त्याच गोष्टीनं म्या ह्याला हिरीतनं शेंदून काढलाय. हात कापले माजे, पर गोष्टीचा दोर सोडला न्हाई. सारजाला मामा हाय. ह्यो हाय."

आता व्याही काय बोलतो याकडं सगळ्यांचे कान लागले. पण बोलले ते म्हातारे भटजी. तिम्माला वर काढला त्या दिवशी त्यांनीही सोवळं बाजूला ठेवून दोर ओढला होता. ते तिम्माकडं बघून पुन्हा तीच हाक देत म्हणाले, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या. मुहूर्त टळतोय."

व्याही खाली बसला. तिम्मा लंगडत गेला, सारजाचा हात धरला आणि तिला पाटावर आणून उभी केली. तो एवढा रडत होता की वाट त्याला सारजानंच दाखवली, असं सांगतात.

अक्षता पडणार, एवढ्यात भिवरा भटजींना म्हणाली, "आता त्यालाबी एक हाक घाला." कुणाला, ते भटजींनी विचारलं नाही. त्यांनी मांडवाच्या दाराकडं तोंड केलं आणि मोठ्यानं हाक दिली.

लग्न लागलं. सारजा सासरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भिवरा त्या दगडावर येऊन बसली. पोरासोरांनी कोंडाळं केलं आणि ती रखरखीत उन्हात म्हणाली, "एक व्हती म्हातारी." तिला कुणी अडवलं नाही. त्या दिवसापासून आमच्याकडं गोष्टीला दिवसाची बंदी नाही, आणि त्या दिवसापासून गोष्ट शेंदायची झाली. ऐकणाऱ्याचा हूं येतोय तोवर शेंदणाऱ्यानं उठायचं नाही, आणि ऐकणाऱ्यानं हूं द्यायला चुकायचं नाही, एवढे दोनच नेम. तिम्माचे वंशज आता सांगलीकडं असतात. त्यांच्यातलं कुणी आलं तर गावातली सगळी पोरं त्यांना मामा म्हणतात आणि ते आले की चहा फुकट, तो त्या समोरच्या टपरीवाल्याचा नेम.

आजही नांदखडकातल्या मांडवात भटजी मामाला दोनदा हाक देतात. पहिल्या हाकेला मामा मुलीला घेऊन येतो, जगात सगळीकडं येतो तसाच. मग अक्षता हातात घेऊन सगळे थांबतात, वाजंत्री बंद होते, आणि भटजी खिंडीकडं तोंड करून म्हणतात, "वाटेवरचे मामा, मुलगी उभी आहे, या." त्यानंतर थोडा वेळ सगळे मांडवाबाहेरच्या वाटेकडं बघत राहतात. आतापर्यंत कुणी आलेलं नाही. पण तेवढा वेळ मांडवाच्या दारात कुणी उभं राहत नाही, वाट मोकळी ठेवतात.